बाजूला सरक की भावा

मांडीवर परत एक गोल डाग उठलाय. पहिल्यांदा लालभडक होता, आज सकाळी जांभळा झाला, मधे पांढरट आणि कडेनं रिंगण, कुणीतरी शिक्का मारल्यासारखा. बायकोनं बघितलं आणि विचारलं, समोरच्या जोडीनं मारला का? मी म्हटलं नाही, आबांनी. "म्हणजे तुमच्याच पार्टनरनं?" एवढं म्हणून ती आत गेली आणि आत जाऊन हसली, मला ऐकू येईल असं.

आम्ही स्क्वॅश खेळतो, म्हणजे बंद खोलीत रॅकेटनं भिंतीवर बॉल मारायचा खेळ, आणि त्याचा बॉल बघायला अगदीच किरकोळ असतो. ४० मिलिमीटरचा, वजन २४ ग्रॅमच्या आसपास, आतनं पोकळ रबर. गार असताना तर मेल्यासारखा पडतो, वरनं सोडला तर घोट्याच्या वर येत नाही, म्हणून आधी पाच मिनिटं भिंतीवर हाणून हाणून गरम करावा लागतो. एकदा तापला की मग मात्र तो कुणाचं ऐकत नाही आणि जिथं लागेल तिथं हे असं रिंगण काढून जातो.

तर आम्ही कोल्हापुरात डबल्स स्क्वॅशची लीग चालवतो. आम्ही म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी क्लबात चहा पिताना कुणीतरी म्हणालं लीग करूया, सगळे म्हणाले करूया की, मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं मीच का? तर म्हणे, "तुझ्याकडं एक्सेल हाय न्हवं!" एक्सेल सगळ्यांच्याच लॅपटॉपवर असतं हे सांगेपर्यंत मी सेक्रेटरी झालेलो होतो.

आता यातली पहिली अडचण सांगतो. सिंगल्सचा कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४० मीटर रुंद असतो. डबल्ससाठीचा तेवढाच लांब पण रुंदी ७.६२, म्हणजे सव्वा मीटर जास्त. तो सव्वा मीटर आमच्याकडं नाही. आमच्याकडं एकच कोर्ट, तोही सिंगल्सचा, त्यात चार माणसं, चार रॅकेटी, आणि चारातले तीन जण तांबड्या रश्श्यावर पोसलेले. बॅडमिंटन-टेनिसला मधे जाळी असते, तुझं तिकडं माझं इकडं. हितं जाळीच नाही, चौघंही एकाच खोलीत, एकाच भिंतीकडं तोंड करून, एकमेकांच्या श्वासात. टेबल टेनिसच्या डबल्ससारखं आळीपाळीनं मारायचंही बंधन नाही, जोडीतला कुणीही मारला तरी चालतो, म्हणजे "तुझा होता", "न्हाई तुझा होता" याला भरपूर वाव.

त्यामुळं या खेळात बॉल मारणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे मारून झाल्यावर बाजूला होणं, समोरच्याला बॉलपर्यंत जायला वाट देणं, त्याला समोरची भिंत दिसेल असं उभं राहणं. आणि घोडं पेंड खातंय ते हितंच. कोल्हापुरी माणसाला बाजूला सरक म्हणायचं? लक्ष्मीपुरीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघंही इंजिन बंद करून खाली उतरतात पण रिव्हर्स कुणी घेत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, जिथं पोरगं चालायला लागलं की तालमीत नेऊन मातीत सोडतात आणि पाय रोवून उभं राहायचं शिकवतात, त्या गावातल्या माणसाला हा खेळ सांगतो की पाय रोवू नकोस, हल, दुसऱ्याला जागा दे. आमच्या लीगचा सगळा इतिहास हा या एका वाक्यावरच्या भांडणाचा इतिहास आहे.

नियमात यावर उपाय आहे, त्याला लेट म्हणतात. म्हणजे समोरचा आडवा आला आणि तुम्हाला मारता आलं नाही तर हात थांबवायचा, लेट मागायचा आणि पॉइंट परत खेळायचा. अगदीच सरळ मारता येत होतं आणि तो मधेच उभा होता, तर स्ट्रोक, म्हणजे पॉइंटच तुमचा. पहिल्या सीझनला पहिल्याच मॅचला डॉक्टरांनी हात वर करून "लेट!" म्हटलं तर आबा त्यांच्यावर भडकले, "कोण लेट? मी साडेसहालाच येऊन बसलोय, तुम्हीच सात वाजता आलाय!"

आबांविषयी सांगायला पाहिजे. वय त्रेसष्ठ, शिरोली एमआयडीसीत फौंड्री, गुडघे दोन्ही आवाज करतात, पण मनगट असं की मागच्या कोपऱ्यातनं बॉल उचलून समोर पत्र्याच्या वर दोन बोटं सोडून अलगद टाकतील. पत्रा म्हणजे समोरच्या भिंतीला खाली जी ४८ सेंटिमीटरची पट्टी असते ती, बॉल तिला लागला की धाडकन आवाज येतो आणि पॉइंट जातो. आबांचा बॉल पत्र्यावर जात नाही. आबा हलतही नाहीत. कोर्टाच्या मध्यावर जिथं रेघांचा टी होतो तिथं ते एकदा जाऊन उभे राहिले की ते त्यांचं, सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखं. बाकीच्या तिघांनी आबांच्या भोवतीनं फिरायचं.

मी पहिला नियम केला तो डोळ्याच्या गॉगलचा. कारण हा बॉल बरोब्बर डोळ्याच्या खाचेत बसेल एवढाच असतो, क्रिकेटचा बॉल निदान कपाळाच्या हाडावर अडतो, हा अडत नाही. आबा म्हणाले, "तेराशे डिग्रीचं लोखंड वततोय तिथं मी चष्मा घालत न्हाई, आणि ह्या चेंडवाला घालू?" (फौंड्रीत पण घालायला पाहिजे आबा, असं मी म्हटलं, पण मनात.) शेवटी त्यांच्या नातीनं गॉगल आणून दिला तेव्हापासनं घालतात.

मग जोड्या. सोळा जण होते, आठ जोड्या, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं म्हणजे अठ्ठावीस मॅच. बहुतेकांचं म्हणणं पेठांवरनं टीम करा, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, फुटबॉलला असतं तसं. मी शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत मोठा झालोय, मॅच संपल्यावर कुठल्या गल्लीतनं घरी जायचं हे आम्ही मॅचच्या आधीच ठरवायचो, त्यामुळं मी हात जोडले. त्यापेक्षा एक तगडा एक कच्चा अशा जोड्या लावायचं ठरवलं. सगळ्यांची एक ते सोळा अशी गुपचूप यादी केली, पहिल्याला सोळावा, दुसऱ्याला पंधरावा, असं करत आठव्याला नववा. अगदी न्याय्य होतं हो, पण माझ्या एक ध्यानात आलं नाही की यादी गुपित ठेवली तरी जोड्या तर जाहीर कराव्या लागणार, आणि डॉक्टर सगळ्यात भारी हे शेंबड्या पोराला माहीत, म्हणजे डॉक्टरांना जो पार्टनर मिळाला तो सोळावा हे उघडच. ते बँकेतले सर माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर चहा दिला, पण बिनसाखरेचा. मी स्वतःला नववा धरलं होतं आणि आबांना आठवा. आबांचा समज होता ते तिसरे आहेत आणि मी चौदावा, आणि पोरगं बिचारं सेक्रेटरी आहे म्हणून आपण सांभाळून घ्यायचं. तो समज मी अजून मोडलेला नाही.

लीगमध्ये दोन बायका आहेत. एक फिजिओथेरपिस्ट ताई, त्यांच्याशी सगळे फार गोड वागतात कारण प्रत्येकाचा गुडघा कधी ना कधी त्यांच्या हातात जाणार असतो. दुसरी कॉलेजची पोरगी, ती कोर्टात येताना "मी आलो, चला मी मारतो" म्हणते, कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी. पुण्याहनं बदली होऊन आलेल्या एका मेंबरला वाटलं तिचा भाऊ पण खेळतो, दोन आठवडे तो भावाची वाट बघत होता. दुसऱ्या सीझनला नवीन यादी केली तेव्हा तिला मी गुपचूप दुसऱ्या नंबरवर धरली. खरं तर पहिल्याच, पण डॉक्टरांकडं माझ्या आईची ट्रीटमेंट चालू आहे.

या पोरीच्या हट्टानंच लीगमध्ये दहा-दहाचा नियम आला. गेम अकरा पॉइंटचा, आणि आमच्या लोकांचं म्हणणं दहा-दहा झालं की दोनाच्या फरकानं जिंकायला पाहिजे. सिंगल्सला तसंच असतं. पण मग एकेक गेम पंधरा, सतरापर्यंत जायचा, पुढच्या मॅचवाले बाहेर बूट घालून ताटकळायचे आणि वॉचमन दिवे बंद करायला येऊन उभा राहायचा. तेव्हा हिनं मोबाईलवर दाखवलं की २०२३ च्या हांगझौ एशियन गेम्सला दीपिका पल्लीकल आणि हरिंदरपाल संधूनं मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं ते ११-१०, ११-१० असं घेतलं. दोन्ही गेम एकेका पॉइंटनं! दहा-दहाला जो पुढचा पॉइंट घेईल त्याचा गेम, विषय संपला. सगळे गप्प झाले. याच दीपिकानं जोश्ना चिनप्पाबरोबर २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थला डबल्सचं गोल्ड घेतलेलं, स्क्वॅशमधलं भारताचं तिथलं पहिलंच. म्हणजे आपल्या देशाला या खेळात नाव मिळवून दिलंय ते जोडीनं खेळणाऱ्यांनी, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला स्क्वॅश पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये येतोय तर त्यात डबल्स नाही, नुसतं सिंगल्स. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. तुला सोडून गेलो असतो तर तुला वाईट वाटलं असतं."

वेळापत्रक या विषयावर मी फार बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी तीन मॅच, म्हणजे अठ्ठावीस मॅच पाच आठवड्यात संपायला पाहिजेत. एक्सेल तसंच म्हणतं. एक्सेलला जोतिबाची यात्रा माहीत नाही, लग्नसराई माहीत नाही, पेठेची मॅच असली की त्या दिवशी कुणी फोन उचलत नाही हे माहीत नाही. रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो, उद्या जमत नाय. कारण नाही, सॉरी नाही, खाली नुसता हात जोडल्याचा इमोजी. आणि एकदा पाऊस लागला की सगळंच संपतं. जुलैमध्ये आमच्या कोर्टाच्या भिंतींना घाम येतो, खरंच पाणी सुटतं, बॉल भिंतीला लागून उसळायच्या ऐवजी सर्रकन घसरतो, खाली लाकडावर पाय. जुन्या चादरीनं भिंती पुसायची माझी आणि वॉचमनची ड्युटी असते. मग राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाला लागलं, म्हणजे इशारा पातळी, की ग्रुपवर लीगचं कोण बोलतच नाही, तासातासाला पातळीचे आकडे आणि पंचगंगेचे फोटो. ४३ ला धोका. त्या दिवसात मी पण स्कोअरशीट बंद करतो, शिरोलीचा रस्ता बंद झाला की आबा तसेही तिकडं अडकतात.

तर परवाची मॅच. आम्ही विरुद्ध बँकेतले सर आणि ती पोरगी. गेम एक-एक, तिसऱ्यात दहा-दहा. पुढचा पॉइंट म्हणजे मॅच. बाहेर काचेला सहासात जण नाक लावून. लांबलचक रॅली झाली, माझ्या कानात नुसते ठोके. बॉल मधे आला, आबांच्या फोरहँडला, त्यांचा लाडका, मारला की संपलं. आणि मी त्यांच्या बरोब्बर पुढं, पाठ करून उभा.

आणि आबा थांबले. रॅकेट वर गेलेली तशीच वर राहिली. दोन वर्षात पहिल्यांदा मी आबांच्या तोंडनं तो शब्द ऐकला, "लेट."

आता पार्टनर आडवा आला म्हणून लेट मिळत नसतो, तो तुमचा तुमचा घरगुती प्रश्न. नियमाप्रमाणं पॉइंट गेला, मॅच गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बँकेतले सर म्हणाले, "द्या हो लेट. आबांनी मागितलाय." ज्या माणसानं मला बिनसाखरेचा चहा पाजला तो माणूस. पोरगी पण म्हणाली, "मी देतो की."

माझ्या डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. म्हटलं बघा, दोन वर्षं घसा कोरडा केला, झालं सार्थक. परत सर्व्हिस केली. परत रॅली. परत बॉल मधे, परत आबांच्या फोरहँडला. या वेळी मी मुद्दाम, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा, त्यांना भिंत मोकळी दिसावी म्हणून झटकन डावीकडं सरकलो.

अकरा-दहा. स्वतःच्या पार्टनरला बॉल लागला की पॉइंट समोरच्याचा, यावर तर सरांना पण काही करता येत नव्हतं.

पार्किंगमध्ये मी एक पाय ओढत गाडीकडं निघालो होतो, आबा मागनं आले. मला वाटलं सॉरी म्हणतील. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू हललास कशाला रं? जाग्यावर ऱ्हायला असतास तर बाजूनं काढला होता मी."