रान चिबडलंय की चोपण झालंय? आधी खड्डा, मग जिप्सम

आठ दिवस झड लागली, सोयाबीन पिवळं पडलं, की बांधावर एकच निदान होतं: रान चोपण झालं, म्हणजे मातीत सोडियम वाढलं, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. मग गोण्या येतात, फेकल्या जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथंच साचतं. काळ्या रानात पाणी थांबण्याची कारणं किमान चार आहेत, आणि जिप्सम त्यातल्या एकावरच चालतं. त्यामुळे माती बघितल्याशिवाय गोणी उघडू नये, एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं.

आपली मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा यांच्या काठच्या खोल रानात चिकणमातीचे कण निम्म्याहून जास्त, कुठं कुठं साठ टक्क्यांपर्यंत असतात. शिवाय ही चिकणमाती स्मेक्टाइट जातीची. तिच्या कणाचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी आत शिरलं की ते दूर सरकतात आणि माती फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या मीटरभर खोल जातात. काळीत बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात, विजेचे खांब कलतात, तेही याच फुगण्या-आकसण्यानं. जुन्या लोकांनी शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हटलं, आणि घराची माती पांढरीतूनच घेतली, ती उगाच नाही.

भेगांमुळे एक मोठा गैरसमज होतो. मृगाचा 50 मिलिमीटर पाऊस हे रान गटकन पितं, कुठं डबकं दिसत नाही, आणि शेतकऱ्याला वाटतं की निचरा चांगला आहे. ते पाणी मातीतून मुरलेलंच नसतं, भेगांतून थेट खाली गेलेलं असतं. माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग ताशी एक-दोन मिलिमीटरवर, कित्येकदा त्याच्याही खाली येतो. तोच 50 मिलिमीटर पाऊस ऑगस्टमध्ये पडला की तीन दिवस सरीत उभा राहतो. निचऱ्याची परीक्षा जूनमध्ये करायची नसते, पोळ्याच्या आसपास करायची असते.

दुसरा गैरसमज रंगाचा. काळी म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, असं नाही. हा रंग चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्यूमसचा, म्हणजे कुजून उरलेल्या सेंद्रिय पदार्थाचा असतो. गडद काळ्या रानातही सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली सापडतो.

याच मातीचा मोठा गुणही सांगायला हवा. मीटरभर खोल काळी पिकाला घेता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. बीड, लातूर, धाराशिवच्या भारी रानात खरीप मोकळा ठेवून रब्बी ज्वारी घ्यायची पद्धत याच साठ्यावर उभी होती. पावसाळ्यात नुसत्या वखरपाळ्या, हस्तात-चित्रात पेरणी, आणि एकही पाणी न देता कडबा-दाणे. आता त्याच रानात सोयाबीन आणि कपाशी आली, म्हणजे रान सगळ्यात ओलं असतं तेव्हाच मुळं सगळ्यात कोवळी असतात. माती बदलली नाही, पिकाचा हंगाम बदलला. निचऱ्याचा प्रश्न तिथूनच मोठा झाला.

पाणी उभं राहिलं की पिकाचा घात होतो तो हवेअभावी. मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं आणि जिवाणू मिळून उरलेला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मग जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. यात खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. चुनखडीच्या ओल्या रानात सोयाबीनवर हेच दिसतं. दोन्हींचा उपाय वेगळा. पहिल्यात पाणी काढून, वाफसा आल्यावर (औत चालेल इतकी माती सुकल्यावर) नत्राचा हलका हप्ता द्यायचा. दुसऱ्यात 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी घालून फवारायचं. पिवळ्या पानावर सरसकट युरिया मारला तर दुसऱ्या प्रकारात पैसे वाया जातात.

कपाशीचा आकस्मिक मर याच घराण्यातला. लांब उघडीप, मग जोराचा पाऊस किंवा मोकाट पाणी, वर कडक ऊन: काही तासांत झाड मान टाकतं. हा बुरशीचा रोग नाही. पाणी काढून द्या, बुंध्याजवळची माती मोकळी करा आणि 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश, 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाला 100 मिलिलिटर आळवणी करा. पहिल्या दिवशी केली तर बरीच झाडं सावरतात, चौथ्या दिवशी केली तर उपयोग नाही. जालन्याच्या मोसंबीतला डिंक्या आणि वसमत-हिंगोलीकडच्या हळदीतली कंदकूज हे मात्र खरे रोगच, पण साचलेलं पाणीच त्यांना वाट करून देतं.

आता खड्डा. शेतात सगळ्यात खोलगट जागी एक आणि उंचावर एक, मीटरभर खोल, एक बाजू उभी कापलेली. त्या बाजूवर चाकूनं टोचत वरून खाली या. 20 ते 30 सेंटिमीटरवर चाकू अडला आणि मुळं तिथंच आडवी वळलेली दिसली, तर तो नांगरतळ. ओल्या रानात ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरल्यानं दबलेला थर. अर्ध्या मीटरखाली तिरके, चकचकीत, घासल्यासारखे पृष्ठभाग दिसले तर घाबरू नका, माती फुगताना एकमेकींवर घासते त्याच्या त्या खुणा आहेत आणि खोल काळीत त्या असायच्याच. तांबूस-पिवळे ठिपके किंवा निळसर राखाडी डाग पाणी साचण्याची खूण असतात, पण काळ्या रंगात ते लपतात. जुन्या मुळांच्या नळ्यांभोवती आणि मुरमाला लागून असलेल्या थरात शोधा. कुजकट वास आला तर शंकाच नको. शेवटी खड्डा झाकून दोन दिवस ठेवा. पाऊस नसताना तळाशी पाणी चढलं, तर ते खालून येतंय.

दुसरी तपासणी काचेच्या ग्लासात होते. खोलगट जागची वाळलेली ढेकळं, हरभऱ्याएवढी, पावसाच्या पाण्यात अलगद सोडायची आणि 24 तास हलवायची नाहीत. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे निकाल चुकतो. ढेकूळ विरघळून ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं, तर माती नुसती भारी आहे. ढिगाभोवती दुधाळ ढग पसरून पाणी गढूळ झालं, तर कण सुटे होताहेत, म्हणजे सोडियम वाढलंय. हेच चोपण. मग मात्र नमुना प्रयोगशाळेत द्या आणि सामू (pH), क्षारता यांच्यासोबत विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी मागून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत ती बहुतेक वेळा नसते. पुस्तकात 15 टक्के ही सीमा दिलेली असते, पण आपल्या स्मेक्टाइटच्या मातीत पाच-सहाच्या पुढेच मुरणं मंदावायला लागतं.

तर चार कारणं अशी: नुसती भारी माती, नांगरतळ, चिबड, चोपण. चिबड म्हणजे भूजलच वर आलेलं. जायकवाडीच्या कालव्याखाली उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलं, कालवा पाझरत राहिला आणि नाले बुजले, अशा पट्ट्यात हे जास्त. अशा रानात उन्हाळ्यात पाणी केशाकर्षणानं वर येतं, उडून जातं आणि क्षार मागं राहतात. पांढरी पापडी दिसली आणि क्षारता मीटरला 4 डेसिसायमनच्या (क्षार मोजायचं एकक) वर गेली की तेच रान खारवट. चिबड, खारवट, चोपण हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, आणि औषध चुकतं ते तिथंच.

नुसत्या भारी रानाला पृष्ठभागावरून वाट दिली तरी पुष्कळ होतं. पाण्याची नळी घेऊन उतार मोजा. सरीला 100 मीटर लांबीत 40 ते 60 सेंटिमीटर उतार मिळाला तर पाणी निघतं आणि माती वाहत नाही. त्याहून कमी असेल तर सरीत डबकी राहतात, फार जास्त असेल तर सरीचा ओढा होतो. रुंद वरंबा-सरी यंत्रानं पेरलं की वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी येतात. यंत्र नसेल तर तिफणीच्या पेरणीत दर चार किंवा सहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि पहिल्या-दुसऱ्या कोळपणीत कोळप्याला दोरी गुंडाळून तिथं सरी ओढा. सरी सगळेच काढतात, तिचं तोंड मात्र बांधाला जाऊन बंद होतं. खालच्या बांधाला दगडी सांडवा किंवा पाइप नसेल तर केलेलं सगळं काम तळ्याच्या कामी येतं. बांधाचंही तसंच: समपातळीतला बांध हलक्या-मध्यम रानाचा, पाणी अडवायचा. खोल काळीत ढाळीचे, म्हणजे थोडा उतार दिलेले बांधच हवेत, नाहीतर बांधालगतच्या पाच-सहा ओळी दरवर्षी जातात.

नांगरतळ असेल तर सबसॉयलर (दबलेला थर तोडणारा खोल फाळ), एप्रिल-मे महिन्यात, रान कोरडं ठणठणीत असताना, थराच्या थोडं खाली. ओल्या मातीत तो फाळ नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. मोल नांगराचं उलटं आहे. टोकाला गोळी असलेला हा फाळ 40 ते 60 सेंटिमीटर खोलीवर मातीतच बोगदा काढत जातो. त्या खोलीवर माती लोण्यासारखी वळणारी आणि वर चाक न रुतेल इतकी सुकलेली, अशा दिवसांतच तो ओढायचा, दोन ते पाच मीटर अंतरानं, खालच्या चराकडून वर. कोरड्या मातीत बोगदा ढासळतो, चोपण मातीत तर विरघळतोच. चांगला निघाला तरी तीन-चार वर्षांनी भेगांनी मोडतो, हे धरूनच खर्च करावा.

चिबड रानाला यातलं काही पुरत नाही. तिथं मीटर-सव्वा मीटर खोल उघडा चर किंवा सच्छिद्र पाइप लागतात, आणि ते ज्या नाल्यात सोडायचे त्याचा तळ त्यांच्याहून खाली हवा. नाला बुजलेला असेल तर एकट्याच्या पाइपातून पाणी उलटं शेतात येतं. म्हणून आधी शिवारातल्या दहा-वीस जणांनी मिळून नाला खोल करायचा, पाइपची किंमत नंतर विचारायची.

जिप्समची पाळी आता, ग्लास गढूळ झालेल्या रानात. 100 ग्रॅम मातीमागे सोडियमचा एक मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेचं मोजमाप) काढायचा, तर अशा प्रत्येक एककासाठी, वरच्या 15 सेंटिमीटर थरात, एकरी साधारण पाऊण टन शुद्ध जिप्सम लागतं. दोन गोण्यांनी काय होणार, हे त्यावरून कळेल. पावसाआधी पसरून वरच्या 10-15 सेंटिमीटरमध्येच मिसळा. खोल नांगरून गाडलं तर सगळ्या थरात विरळ होतं. कॅल्शियम कणावर बसतं, सोडियम सुटून सल्फेट होतं, आणि ते सोडियम सल्फेट पाण्याबरोबर बाहेर जायला वाट नसेल तर रानातच राहतं. म्हणून चर आधी. रानात चुनखडी भरपूर आहे, मग कॅल्शियम कशाला, असं विचारतात. जास्त सामूत चुनखडी विरघळत नाही, म्हणून ती असून नसल्यासारखी. ढैंचा हे हिरवळीचं खत उपयोगी पडतं ते याच कारणानं, तो कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं थोडी चुनखडी विरघळवतात. एकरी 16 ते 20 किलो बी, आणि 45 ते 50 दिवसांत, खोड लाकडी व्हायच्या आत गाडणं. बोअरच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट जास्त असेल तर दर पाण्यासोबत रोग परत येतो, तेव्हा पाण्याचा नमुनाही द्या.

मशागतीचं एकच सांगतो, पण तेच सगळ्यात जास्त मोडलं जातं: वाफसा. 10-15 सेंटिमीटर खालची माती घ्या, तळहातांमध्ये वळा. उदबत्तीएवढी बारीक वळी न तुटता झाली तर औत घालू नका. वळताना तुकडे पडले तर वाफसा आहे. काळीत ही वेळ दोन-तीन दिवसांचीच असते. आधी घाई केली तर चिखल दाबला जातो, उशीर केला तर ढेकळं निघतात. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळाला म्हणून आजच नांगरायचं, यानं नांगरतळ तयार होतात.

शेवटी वाहून आणलेल्या मातीबद्दल. भारी रान हलकं करायला मुरूम टाकणारे भेटतात. हिशेब करा: एकराचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण 607 घनमीटर. त्यात दहा टक्के मुरूम मिसळायचा तर 21 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो, आणि पन्नास टक्के चिकणमाती जेमतेम पंचेचाळीसवर येते. उलट बाजूनं, गाळमुक्त धरण योजनेतला गाळ. तो बहुतांशी चिकणमातीच असतो. बरड माळरानावर सोनं आहे, पण आधीच पाणी धरणाऱ्या काळीत तो पसरला तर पाणी आणखी थांबतं. ट्रॅक्टर भरायच्या आधी गाळाचं एक ढेकूळही त्याच ग्लासात सोडून बघा.