“नंबर” म्हणाले आणि अडकले

“नंबर काढायचाय की डॉक्टरांना दाखवायचंय?” डोळ्यांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं आणि मी म्हणाले, “नंबर.” तिथेच घोळ झाला.

तीन दिवस डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. आधी चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर तोच निघाला, मी निश्चिंत. दुकानदाराला दोष नाही. ऑप्टिशियनचं काम फ्रेम नीट बसवायची, दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून काचा बेतायच्या. आजार ओळखणं त्याच्याकडे नाहीच.

तर डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबरवाल्यांच्या रांगेत. दोन तास! आत पांढऱ्या कोटातल्या ताईंना मी अर्थातच डॉक्टर समजले. त्या ऑप्टोमेट्रिस्ट होत्या: दृष्टी तपासणं, नंबर काढणं हे त्यांचं शिक्षण. शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि उठले, तर म्हणाल्या, “अजून काही त्रास?” ठिपके सांगितले. त्या थांबल्याच. “चमकतंही का?” हो म्हटल्यावर स्वतः फाइल घेऊन काउंटरवर गेल्या. तिथून उत्तर, “यांची नोंद नंबरची आहे, डॉक्टरांची यादी भरली, उद्या या.” ताई हटल्या नाहीत म्हणून मी आज हे लिहितेय.

मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, पुन्हा अर्धा तास. जवळचं सगळं धूसर झाल्यावर काउंटरवरून हातात काय आलं? बारीक अक्षरांचा फॉर्म. भरा म्हणे! (थेंबांचा अंमल काही तास राहतो. सोबत कुणाला तरी न्या, गाडी स्वतः चालवू नका. उन्हाचा चष्माही हवा.)

डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासला. कडेला बारीक चीर होती. मधला भाग शाबूत होता, म्हणून तक्ता स्वच्छ वाचता येत होता. तशीच राहिली असती तर आत पाणी शिरून पडदा सुटू शकला असता. लेझर त्याच दिवशी, काही मिनिटांत. नेत्रतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण. औषध, लेझर, शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. त्यातही पडद्याचे वेगळे, काचबिंदूचे वेगळे.

अचानक ठिपके वाढले, चमकलं किंवा कडेने सावली सरकली, तर काउंटरवर तेच शब्द सांगा आणि त्याच दिवशी दाखवा. माझा नंबर उणे सात. मोठ्या उणे नंबरवाल्यांना हा धोका जास्त, हे मला नंतर कळलं. जुना चष्मा न्यायला विसरू नका.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेले. फाइलवर अजूनही ‘चष्म्याचा नंबर’ असंच लिहिलेलं. पेन मागितलं आणि खोडलं.