दूध नाही, मैदा नाही, तरी दाट सूप: माझा अनुभव

आमच्या हिला सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) निघाला तेव्हा पोळी, ब्रेड, शिरा, शेवया सगळं बंद होणार हे लगेच कळलं, आणि त्याचं फार काही वाटलं नाही कारण ज्वारीची आणि तांदळाची भाकरी आमच्याकडे आधीपासून होतीच. अडलं ते सूपवर. हिला रात्री सूप लागतं आणि ते पण दाट लागतं, क्रीम ऑफ मशरूम किंवा टोमॅटोचं, पातळ पाणीदार सूप समोर ठेवलं की दोन चमचे खाऊन बाजूला सारते. त्यात वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन खाली गेलेलं, म्हणजे जे आवडीने खाते तेच नेमकं बंद करायची वेळ आली होती आणि मला ते बघवत नव्हतं. स्वयंपाक आमच्याकडे दोघंही करतो, सूप मात्र आता पूर्ण माझ्याकडे आहे.

आधी या आजारासाठी रक्ताची टीटीजी टेस्ट झाली, मग एन्डोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावलं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांच्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे अशा पेशंटच्या लहान आतड्याचं आतलं अस्तर झिजत जातं, आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवणारं लॅक्टेज त्याच अस्तरावर असतं, म्हणून दूध पण पचेनासं होतं. ग्लुटेन कडक बंद ठेवलं की अस्तर भरून येतं आणि बऱ्याच जणांना दूध परत चालायला लागतं, पण तोपर्यंत दूध, क्रीम, बटर, चीज बंद. साजूक तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच, ते चालेल म्हणाले, पण हिने ठरवलं की काही महिने तेही नको, आणि खाणारी ती आहे तर ठरवणारी पण तीच.

आता क्रीम सूप हॉटेलात कसं करतात बघा. बटरवर मैदा परतायचा, त्यात दूध ओतून व्हाइट सॉस करायचा, त्यात भाजीची प्युरी आणि शेवटी वरून क्रीम. म्हणजे नेमक्या हिला बंद असलेल्या दोन्ही गोष्टी. पाकिटातल्या सूपांची लेबलं दुकानात उभं राहून वाचली तर बऱ्याच ठिकाणी गव्हाचं पीठ नाहीतर मिल्क सॉलिड्स, कुठे कुठे दोन्ही. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, त्यामुळे ते शब्द असतील तरच घ्यायचं असं ठरवलं.

मार्ग दाखवला तो आईने. ती गुहागरला असते, फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अरे मग मुगाचं कढण कर की तिला, त्यात कुठे मैदा आणि साय असते? आणि उपासाला दाण्याची आमटी करतोच ना आपण, ती काय कमी दाट असते?’ खरंच होतं. सोलकढीत नारळाचं दूध, पेजेत तांदूळ, कढणात घोटलेले मूग, आमटीत दाण्याचं कूट. कोकणातल्या घरात हे कायमच आहे. मग माझ्या डोक्यात सगळं सुटसुटीत झालं की सूप दाट व्हायला पिष्ट (स्टार्च) लागतं, जिभेवर मऊ लागायला थोडं स्निग्ध लागतं, आणि दोन्ही एकजीव व्हायला बारीक वाटून गाळायला लागतं. मैदा आणि क्रीम हेच काम करतात, ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं.

पण भाजी चिरायच्या आधी घर बघावं लागलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय. पहिली गोष्ट चाळणी. कणीक चाळायची चाळणी कितीही धुतली तरी जाळीच्या कडेला पीठ अडकून राहतं, तिच्यातून सूप गाळायचं नाही, त्यासाठी वेगळी स्टीलची गाळणी आणली आणि तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला म्हणजे घाईत पण चूक व्हायला नको. लाकडी चमचे नवीन घेतले. मिक्सरचं एक भांडं वेगळं काढलं, झाकणाच्या रबरासकट. दुसरी गोष्ट हिंग. डबीतला बांधानी हिंग असतो त्यात खूपदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि फोडणीत हिंग नाही असा आपला पदार्थ कुठला? तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, लेबल वाचून तो घ्यायचा. तिसरी गोष्ट गिरणी. गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही, दगडाला आणि पिशवीला गव्हाचं पीठ लागलेलंच असतं, म्हणून आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचाच नाही हा नियम केला. शिवाय सोया सॉसमध्ये गहू असतो, काही स्टॉक क्यूबमध्ये गहू किंवा लॅक्टोज असतं, साध्या ओट्समध्ये शेतापासून गोदामापर्यंत कुठेही गहू मिसळलेला असू शकतो. हे सगळं घरातून बाहेर.

मग दाटपणासाठी एकेक गोष्ट करून बघितली. बटाटा स्वस्त आणि हाताशी, पण मिक्सरमध्ये जास्त फिरवला की त्यातलं पिष्ट बाहेर येऊन सूप चिकट, तार धरणारं होतं, म्हणून बटाटा असेल तर मी तो पावभाजीच्या मॅशरने दाबून गाळणीतून चमच्याने घासून काढतो. कॉर्नफ्लॉवर चालतं (पाकिटावरचं बघून), पण त्याने सूप नुसतं घट्ट आणि चकचकीत होतं, मऊपणा येत नाही. काजू मला सगळ्यात आवडले कारण काजूत स्निग्ध पण आहे आणि पिष्ट पण आहे, म्हणून काजूची पेस्ट घातल्यावर सूप उकळलं की ते आपोआप दाट होत जातं. तुकडा काजू घ्या, वाटायचेच तर अख्ख्याचे पैसे कशाला. अजून स्वस्तात करायचं तर मगज बी, ते भिजवून वाटून अर्धे काजू अर्धं मगज असं पण छान होतं. आणि तांदूळ. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, कारण हे शिजल्यावर मऊ चिकट होतात आणि वाटले की त्यांचा मलईसारखा पोत येतो.

आता आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते फ्लॉवरचं सूप, पाव किलो फ्लॉवरचं प्रमाण सांगतो. एक मध्यम कांदा उभा चिरून दोन चमचे तेलावर मंद परतायचा, लाल करायचा नाही, नुसता पारदर्शक आणि मऊ, त्याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि तिथे घाई केली तर कच्च्या कांद्याचा वास शेवटपर्यंत राहतो. चार लसूण पाकळ्या, एक तमालपत्र, मग फ्लॉवरचे तुरे, एक मोठा चमचा धुतलेला इंद्रायणी, दहा-बारा काजू, मीठ आणि तीन कप पाणी. कुकरला तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्यायची, तमालपत्र काढायचं आणि कोमट झाल्यावर वाटायचं. गरम सूप वाटायचंच असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकणावर फडकं दाबून धरा, आत वाफ कोंडते आणि झाकण उडतं. वाटायचं ते चांगलं दोन-तीन मिनिटं, मध्ये थांबून मिक्सरला विश्रांती देऊन, मग बोटांच्या चिमटीत चोळून बघायचं, रवाळ लागलं तर अजून. फ्लॉवरमध्ये पिष्ट नावालाच असतं त्यामुळे कितीही फिरवला तरी बटाट्यासारखा चिकट होत नाही. गाळून परत गॅसवर, पाच मिनिटं मंद उकळी, सारखं ढवळत, कारण तांदूळ-काजू तळाला धरतात. पांढरी मिरपूड आणि जायफळ अगदी चिमूटभर, हे जायफळच व्हाइट सॉसचा वास देतं, ते विसरू नका. गॅस बंद केल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब. आंबटपणा कळायला नको, पण ते नसलं की सूप जड लागतं, चव बसून जाते.

हे पहिल्यांदा जमून आलं तेव्हा हिने वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाली, ‘अहो, यात नक्की दूध नाही ना?’ दोनदा विचारलं. मला त्या प्रश्नाने जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच कौतुकाने झाला नसता.

मशरूमचं करताना एकच लक्षात ठेवायचं, मशरूमला खूप पाणी सुटतं, म्हणून ते मोठ्या कढईत मोठ्या आचेवर, मीठ न घालता, पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत परतायचे. सगळी चव तिथेच तयार होते. थोडे बाजूला काढून बाकीचे तांदूळ-काजूबरोबर शिजवायचे, वाटायचे, आणि बाजूला काढलेले वरून घालायचे. टोमॅटोचं उलट सोपं आहे, दूध घातलेलं सूप टोमॅटोच्या आंबटपणाने फाटायची भीती असते, काजूला ती नाही. टोमॅटोत नारळाचं दूध घालायचं असेल तर टोमॅटो पूर्ण शिजवून, आच बारीक करून अगदी शेवटी, आणि उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तेल सुटून वर येतं. लाल भोपळ्याला वेगळं काहीच लागत नाही, आलं घालून शिजवा, वाटा, अर्धी वाटी जाड नारळाचं दूध, झालं. मक्याच्या दाण्याचं पण तसंच, फक्त गाळावंच लागतं कारण सालं राहतात.

हे सूप गार झाल्यावर खूप घट्ट होतं, फ्रीजमध्ये तर खीर झाल्यासारखं दिसतं. ते पिष्टामुळे होतं, बिघडलेलं नसतं. गरम करताना उकळतं पाणी थोडं थोडं घालून ढवळलं की परत मूळचं होतं, मग मीठ पुन्हा चाखून बघायचं. दोन दिवस फ्रीजमध्ये चांगलं राहतं, नारळाच्या दुधाचं मात्र त्याच दिवशी संपवावं.

लग्नाकार्यात, प्रवासात आम्ही थर्मासमध्ये भरून नेतो. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून द्यायचं आणि सूप नेहमीपेक्षा पातळ भरायचं, कारण आत बसून ते दाट होत जातं. वाटी आणि चमचा आपला न्यायचा, आणि पंगतीत बसल्यावर कुणी प्रेमाने सुपात टोस्टचे तुकडे किंवा क्रीम घालायला आलं तर हात आडवा धरायचा, हे आता आमची सहावीतली मुलगी पण करते.