मूठभर मीठ म्हणजे किती? टँकमधल्या पांढऱ्या डागांचा माझा अनुभव

“ताई, दोन फुटी टँक आहे ना? मग मूठभर खडे मीठ टाका, होईल ठीक.” शोभेच्या माशांच्या दुकानातलं हे वाक्य मला आजही डाचतं.

डिसेंबरात दोन नव्या मॉली (छोटे शोभेचे मासे) आणल्या आणि त्याच संध्याकाळी टँकमध्ये सोडल्या. पाचव्या दिवशी एकीच्या शेपटीवर रव्याच्या कणासारखे ठिपके दिसले. ती दगडाला अंग घासत होती. व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे एक मूठ मीठ टाकलं, दोन दिवसांनी दुसरी. डाग गेले. मी खूश. मीठ थांबवलं, अर्धं पाणी बदललं. आठवड्याने सगळ्या माशांवर ठिपके आले आणि एक गप्पी दगावला. पुन्हा दुकानात गेले, तर हातात निळ्या औषधाची बाटली ठेवली. किती दिवस उपचार करायचा, हे तेव्हाही कोणी सांगितलं नाही.

बाटली मी उघडली नाही. घरी येऊन आधी वजनकाटा काढला. माझी मूठ ३५ ग्रॅम भरली, बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, ५५. मग टँक मोजला. आतून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, पाण्याची उंची ३०, म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि दगडांचे चार वजा केले, उरलं ५०. माझ्या दोन मुठींनी लिटरला दीड ग्रॅमसुद्धा झालं नव्हतं, आणि पाणी बदलल्यावर त्याचंही निम्मं उरलं होतं.

ही खात्री मी पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेल्या टीडीएस मीटरवर केली, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. नळाचं पाणी १३०, टँकचं ८३०. लिटरमध्ये एक ग्रॅम मीठ विरघळलं की आकडा साधारण हजाराने वाढतो, म्हणजे लिटरला जेमतेम पाऊण ग्रॅम होतं. हवे होते दोन ग्रॅम. कमी पडणारं ६५ ग्रॅम मीठ तीन वाट्यांत विरघळवून दोन दिवसांत घातलं. कोरडे खडे थेट टाकू नका, तळाशी खडा पडतो तिथे मासा तोंड लावतो. साधं खडे मीठ चालतं, फक्त मसाला किंवा सुगंध घातलेलं नको. एप्सम सॉल्ट नावाने मिळतं ते मॅग्नेशियम सल्फेट, त्याचा इथे उपयोग नाही.

इथवर सगळं हातात होतं. खरी परीक्षा त्यानंतरची.

हीटरने पाणी २२ वरून हळूहळू २८ अंशांवर नेलं होतं. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू. आणि चौथ्या दिवशी डाग दुप्पट! बाबा रोज चहा घेऊन टँकसमोर बसतात. ते म्हणाले, “अगं, वाढलेत की. औषध बदल.” त्या रात्री मी तीनदा उठून टॉर्चने मासे पाहिले. मिठाचा डबा एकदा उघडलाही. मीठ वाढवावं, बाटली ओतावी, सगळं पाणी काढावं, तिन्ही विचार एकाच वेळी डोक्यात.

थांबले, ते रोगाचं चक्र समजून घेतलं होतं म्हणून. दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे त्याला मीठही पोचत नाही, औषधही नाही. तो मोठा झाला की गळून तळाशी जातो, कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं निघतात. ती मासा शोधत पोहत असतात तेवढाच वेळ मीठ त्यांना मारतं. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती तशीही मरतात. ऊब हे चक्र भराभर फिरवते, थंडीत ते रेंगाळतं. चौथ्या दिवशी दिसलेले डाग मीठ टाकण्याआधीच शिरलेल्यांचे होते, ते आता मोठे होऊन दिसू लागले होते.

सातव्या दिवशी सगळे मासे स्वच्छ. इथेच मी मागच्या वेळी घसरले होते. तळाशी कवचात बसलेले उरलेलेच असतात! म्हणून डाग गेल्यावर आणखी दहा दिवस मीठ तेवढंच ठेवलं. एक दिवसाआड सायफनने तळची वाळू उपसत १० लिटर पाणी काढायचं आणि नव्या पाण्यात २० ग्रॅम मीठ. आटलेलं पाणी मात्र बिनमिठाच्या पाण्यानेच भरायचं, कारण मीठ हवेत उडत नाही. फिल्टरमधल्या कार्बननेही ते निघत नाही. रोज संध्याकाळी मीटर लावून वहीत आकडा लिहायचे. ते दहा दिवस फार लांब वाटले.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पानं या मिठात गळून गेली. रोपं जपायची असतील तर आधी बादलीत हलवा, पण मासेविरहित बादलीत ती काही दिवस वेगळी राहू द्या. गोगलगायींनाही मीठ सोसत नाही. मॉली आणि गप्पी हे सहज पचवतात. कोरी, लोच असे तळाशी राहणारे मासे असतील तर माझं प्रमाण आंधळेपणाने उचलू नका, अर्ध्यापासून सुरुवात करा आणि मासे धापा टाकतात का ते पाहा.

सतराव्या दिवसानंतर अनेक वेळा थोडं थोडं साधं पाणी बदलत मीटर २०० च्या खाली आणला. दुसऱ्या फेरीत एकही मासा गेला नाही, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. बाबांनी त्या दिवशी स्वतःहून मीटर धुऊन पुसून ठेवला. आता नवे मासे आधी तीन आठवडे बाल्कनीजवळच्या टबात राहतात, त्यांची जाळीही वेगळी.