सेन्सॉरच्या कृपेने उरलेली प्रेमपत्रं

इंग्लंडमधल्या ब्रायटनला राहायला आल्यापासून रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यावरून रोज जाणं होतं. घुमट, मिनार, जाळीदार कमानी. इंग्रजांनी कल्पनेतूनच उभा केलेला हिंदुस्थान. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1914 ते जानेवारी 1916, इथे फ्रान्सच्या आघाडीवरून आलेल्या जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. सोवळ्याओवळ्याचा घोळ नको म्हणून नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना वेगळे नळ. पण साहेबाला खरी धास्ती होती ती शिपाई आणि गोऱ्या बायका यांची. 1915 मध्ये जखमी हिंदी शिपायाच्या खाटेशेजारी उभ्या गोऱ्या नर्सचा फोटो पेपरात आला आणि वरपर्यंत गहजब झाला.

ठाण्याच्या नौपाड्यात बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर त्यांचं पहिलंच, "मग आपले मराठे कुठे होते?"

बहुतेक मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) झुंजत होत्या. त्यामुळे फ्रान्समधून घरी गेलेली पत्रं मुख्यतः पंजाबी आणि पठाण शिपायांची. अनेकांना लिहिता येत नसे. मजकूर सांगायचा शिपायाने, लिहायचा दुसऱ्यानेच, आणि वाटेत फोडून वाचायचा सेन्सॉरने! एवढ्या जणांच्या हाताखालून जाणाऱ्या कागदावर प्रेमाचं लिहायचं म्हणजे छातीच हवी. पण लिहीत होते. ज्या घरात मुक्काम पडला तिथली म्हातारी आईच्या जागी, आणि पुढे कुणाकुणाचं फ्रेंच मुलीशी सूत जुळलेलं. काहींनी तर लग्नंही केली. सेन्सॉर असे उतारे इंग्रजीत उतरवून अहवालात जोडायचा, साम्राज्याच्या इभ्रतीला धोका म्हणून. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याला हे थांबवायचं होतं, त्यानेच जपून ठेवलं. मला तर त्या सेन्सॉरचे आभारच मानावेसे वाटतात, थोडे नाइलाजाने.

ब्रायटनच्याच किचनर इस्पितळात तटबंदीवर काटेरी तार होती, गावात मोकळं फिरायची बंदी. बायकांशी संबंध नको, हेच त्यामागचं मुख्य कारण. तिथल्या एका सब-असिस्टंट सर्जनने वैतागून थेट प्रमुख कर्नल सीटनवरच पिस्तूल रोखलं. सात वर्षं सक्तमजुरी झाली. आडनाव गोडबोले.

"गोडबोले?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "आपल्या ब्राह्मण सोसायटीतल्या गोडबोल्यांपैकी का रे?"

उद्याच मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन कुलवृत्तान्त काढतो म्हणाले. प्रेमपत्रांचं काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.