तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला पाणी देणारा ड्यूक

भारतातून आमच्याकडे ग्लॉस्टरला जे कोणी येतं त्यांना मी कॅथेड्रल दाखवायला नेतेच, आणि तिथे एका लाकडी पुतळ्यापाशी माझा पाय जरा जास्तच वेळ अडकतो. ओकच्या लाकडाचा, लाल अंगरखा रंगवलेला, पायावर पाय टाकून उताणा पडलेला योद्धा. नॉर्मंडीचा, म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मुलखाचा, ड्यूक रॉबर्ट, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द काँकररचा थोरला मुलगा. त्याची गोष्ट सांगून झाली की दर वेळी तोच प्रश्न येतो, मावशीने विचारला, नवऱ्याच्या मित्रांनी विचारला, परवा माझ्या मुलीनेही विचारला, की हातातलं सगळं घालवलेला माणूस, त्यात जेरुसलेमच्या कत्तलीतला, याचा तुला एवढा पुळका कशासाठी? आजवर मी "असंच गं" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते लिहून टाकते.

सुरुवातीला मीसुद्धा त्याला बावळटच म्हणायचे हे आधी कबूल करते. 1088 साली इंग्लंडमधले बडे सरदार त्याच्या धाकट्या भावाविरुद्ध, राजा झालेल्या विल्यम रूफसविरुद्ध, त्याच्या बाजूने उठले, हा समुद्र ओलांडून गेलाच नाही. 1096 ला क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेम घ्यायच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाला, जायला पैसे नव्हते तर अख्खी नॉर्मंडी त्याच रूफसकडे 10,000 मार्क चांदीवर गहाण टाकली. 2 ऑगस्ट 1100 ला रूफस शिकारीत बाण लागून मेला, सगळ्यात धाकट्या हेन्रीने 5 ऑगस्टला स्वतःला मुकुट घालूनही घेतला, आणि हा तेव्हा इटलीतून नवी बायको घेऊन घराकडे येत होता. 1101 मध्ये फौज घेऊन पोर्ट्समथला उतरला, तर न लढताच वर्षाला 3,000 मार्क ठरवून परत गेला, आणि पुढे तेही सोडून दिले. हे सगळं मी पाहुण्यांना सांगायचे आणि सगळे मान हलवायचे, की बघा, असा भोळेपणा नडतो. मग मी 1091 ची गोष्ट वाचली.

मों सें मिशेल तुम्ही फोटोत पाहिलंय, समुद्रात उभा खडक आणि त्यावर मठ. त्या वर्षी रॉबर्ट आणि रूफस एक झाले आणि दोघांनी मिळून हेन्रीला तिथे कोंडलं. इथे मला रॉबर्टची बाजू घेता येत नाही, कारण हेन्रीचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या वाट्याला जमीन आलीच नव्हती, बापाने 5,000 पौंड चांदी दिली होती, त्यातले 3,000 देऊन त्याने रॉबर्टकडूनच कोतांतें हा मुलूख विकत घेतला होता. शिवाय 1090 मध्ये रूआन शहरात बंड झालं तेव्हा ते मोडायला रॉबर्टच्या बाजूने उभा राहिला तो हेन्रीच. आणि त्याआधी 1088 मध्ये रॉबर्टने त्याला संशयावरून काही महिने कैदेतसुद्धा ठेवलं होतं. म्हणजे पैसे घेतले, मदत घेतली, कैद केलं आणि आता रूफसशी हातमिळवणी करून वेढा.

खडकावर गोडं पाणी संपलं. चहूबाजूंनी समुद्र आणि प्यायला थेंब नाही. हेन्रीने रॉबर्टकडे निरोप पाठवला, आणि रॉबर्टने आपल्या पहारेकऱ्यांना सांगितलं की तिकडे जरा ढिलाई करा, पाणी जाऊ द्या. रूफस खवळला, म्हणाला, शत्रूला पाणी पाजून कधी लढाई जिंकतात का? तेव्हा रॉबर्ट म्हणाला, आपल्याच भावाला तहानेने मरू द्यायचं? आणि तो गेला तर दुसरा भाऊ आणायचा कुठून?

हे विल्यम ऑफ माम्सबरी नावाच्या साधूने साधारण 1125 मध्ये लिहिलं, म्हणजे तीसेक वर्षांनी, आणि त्यानेही ते रॉबर्टचा मऊपणा दाखवायलाच लिहिलं. शब्द अगदी हेच असतील असं मी म्हणत नाही. पण ते वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

कारण मग 28 सप्टेंबर 1106. तांशब्रे गावाबाहेर तासाभराची लढाई, रॉबर्ट पकडला गेला, आणि त्याच हेन्रीने, त्या पाण्यावर वाचलेल्या हेन्रीने, त्याला मरेपर्यंत सोडलं नाही. डिव्हायझेस, ब्रिस्टल, शेवटी कार्डिफ. सत्तावीस वर्षं! 1128 मध्ये त्याचा एकुलता एक औरस मुलगा फ्लँडर्सच्या लढाईत जखमी होऊन गेला, तोही बाप कोठडीत असताना.

आता तुम्ही म्हणणार, मग पाणी देणं ही चूकच होती ना? मीही स्वतःला हेच विचारते आणि मला हो म्हणवत नाही. तो भाऊ मेला असता तर रॉबर्ट ड्यूक राहिला असता कदाचित, हे मला कळतं, हिशेब मलाही येतो. तरी नाही म्हणवत.

आणि जेरुसलेम. इथे मला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं आणि ते बरोबरच आहे. 15 जुलै 1099 ला उत्तरेकडच्या तटावरून जे आत घुसले त्यांच्यात रॉबर्टची माणसं होती, आणि आत जे झालं, मुसलमानांची, ज्यूंची, बायकामुलांची कत्तल, त्यातून त्याला वेगळा काढायला माझ्याकडे काहीही नाही. मला जास्त त्रास याचा होतो की तहान काय असते ते त्याला नुकतंच कळलेलं होतं. आदल्या महिन्यात शहराभोवतीच्या विहिरी बुजवलेल्या होत्या, क्रुसेडर लांबून कातडी पिशव्यांतून घाण पाणी आणून पीत होते. म्हणजे भावाची तहान ज्याला बघवली नाही त्याला भिंतीपलीकडची माणसं दिसलीच नाहीत. पूर्वी मी म्हणायचे, तो काळच तसा होता. आता मी ते वाक्य वापरत नाही, कारण काळ तसा होता तर मग पाणी द्यायलाही तो काळ आड यायला हवा होता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बाबा गेल्यावर तलाठ्याकडे नोंद करायची होती तेव्हा मी भावाला हक्कसोडपत्र करून दिलं, तो तेव्हा अडचणीत होता आणि मी इथे, मला त्या जमिनीचं काय करायचं होतं? मावशी तेव्हाही म्हणाली होती, भोळी आहेस. त्यानंतर वर्षभरात त्याचे फोन कमी झाले आणि मग बंदच झाले, का ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून मला रॉबर्ट आवडतो असं नका समजू, किंवा समजा, मला स्वतःलाच त्यातलं नक्की किती खरं ते सांगता येत नाही. पण लोक त्याला बावळट म्हणतात तेव्हा मला ते लागतं हे खरं आहे.

फेब्रुवारी 1134 मध्ये रॉबर्ट कार्डिफच्या कैदेतच वारला, ऐंशीच्या घरात होता, आणि त्याला ग्लॉस्टरला आणून पुरलं. आजचं कॅथेड्रल तेव्हा मठाचं होतं, हेन्रीने त्या मठाला जमीन दिली, कशासाठी तर भावाच्या आत्म्यासाठी वेदीपुढे कायम एक दिवा जळत राहावा म्हणून. नंदादीपच म्हणा. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेन्रीही गेला. मावशीला मी हे त्या पुतळ्यापाशीच सांगितलं, तर ती म्हणाली, जिवंत होता तेव्हा दार उघडायचं होतं. मी काहीच बोलले नाही, आम्ही तिथून पार्किंगकडे चालत गेलो.