सकाळी सहाची बोटं

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोल्हापुरात बारा वर्षं झाली. पेशंटला रोजची कामं कशी जमतील ते बघायचं, जमत नसतील तर वाट काढायची, हे माझं काम. एक केस डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या एक मावशी, पन्नाशीच्या आतल्या. आठ वर्षांचा संधिवात, रूमॅटॉइड. त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या औषधाची गोळी. हुपरीत घरोघरी चांदीचं काम असतं, मावशी मजुरीवर पैंजणांना घुंगरू जोडायच्या, ते आता बंद. दिव्यांग दाखल्याच्या तपासणीत 40 टक्क्यांच्या खाली आल्या, म्हणजे बहुतेक सवलतींतून बाहेर. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत पण संधिवात नावानिशी नाही, चलनवलनाच्या प्रकारात बसवावा लागतो आणि तिथं मुख्यतः मोजतात काय तर सांधा किती वाकतो आणि ताकद किती. मावशींची बोटं अजून वाकडी झालेली नाहीत.

त्या फाईलमध्ये माझाही रिपोर्ट होता. मावशी एसटीनं आलेल्या, दुपारचे साडेबारा. मी प्रत्येक बोटाचा कोन मोजला, मुठीची ताकद घेतली, बटण, किल्ली, डब्याचं झाकण, सगळं करून घेतलं. सावकाश केलं, पण केलं. मी विचारलं साडी स्वतः नेसता का, त्या हो म्हणाल्या, मी लिहिलं 'कपडे घालणे: स्वतंत्र'.

पुढच्या खेपेला स्प्लिंटसाठी, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्टीसाठी, आल्या तेव्हा सहज बोलून गेल्या, "सकाळच्याला ही बोटं माझी न्हाईतच बघा ताई, धा वाजता माझी हुत्यात."

म्हटलं मी सकाळीच घरी येते. सहाला पोचले. दुधाची पिशवी मावशींनी दातानं फाडली, नळ मनगटानं ढकलून उघडला, गॅसचं बटण दोन्ही तळहातांत धरून फिरवलं. अंगात गाऊन. ब्लाउजचे हूक सून लावते, आंघोळीनंतर मावशी न बोलता पाठ करून उभ्या राहिल्या आणि सुनेनं न बोलता लावले, रोजचंच असल्यासारखं. दहाला दहा कमी असताना मात्र पदराची पिन त्यांनी स्वतः लावली, माझ्यासमोर. हात तोच, बाई तीच, आणि माझ्या रिपोर्टात फक्त साडेबाराची बाई.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 साली आयसीएफ नावाचं वर्गीकरण आणलंय. त्यात नुसता सांधा नाही, माणूस काय करू शकतो, कुठं भाग घेतो आणि भोवतालचं घर, माणसं, वस्तू, लोकांची नजर हे मदत करतात की आडवे येतात, सगळं नोंदवायचं असतं. आणि प्रत्येक कामाला दोन वेगळ्या नोंदी, एक ठरावीक परिस्थितीत जमेल तेवढं, दुसरी स्वतःच्या घरात प्रत्यक्षात होतं तेवढं. मी फक्त पहिली केली होती. कॉलेजात आम्हाला हे पाच मार्कांची टीप म्हणून शिकवलं आणि ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं, कोण भरणार, सगळे हेच म्हणतात. मला ते पटत नाही. नुसत्या सांध्यांवर गेलं की काय होतं बघा, डॉक्टर 28 सांधे दाबून आजाराचा स्कोअर काढतात, त्यात पावलांचे सांधे धरतच नाहीत, स्कोअर खाली आला की म्हणतात मावशी मस्त आहात.

निघताना विचारलं, हळदीकुंकवाला वगैरे जाता का. मावशी गप्प. सून म्हणाली, तीन संक्रांती झाल्या, गेल्या नाहीत. मग मी मनगटं नीट बघितली, मोकळी. बोटांच्या मुळांशी सूज, बांगडी तिथून पुढं सरकत नाही. एकदा कासारणीनं साबण लावून घातल्या तर दुसऱ्या दिवशी हात सुजून आला. "मालक हायत आन् मोकळ्या हातानं कुठं जायाचं ओ?" नवरा शेजारच्या खोलीत चांदीची तार ओढत बसलेला, त्याला वाटायचं हिला आता बाहेर जायला आवडत नाही. मी त्यांना विचारलं, मधे पेच घालून उघडणारी बांगडी होईल का? म्हणाले, "त्यात काय, आठवड्यात करतो." आणि बायकोकडं बघत राहिले.

नवा रिपोर्ट चार पानांचा केलाय, तासावार, घरात बघून. फेरतपासणीचा अर्ज गेलाय, उत्तर नाही. पहिला रिपोर्ट फाईलमध्ये तसाच आहे, माझ्या सहीचा.

परवा मावशी आल्या होत्या, दोन्ही हातांत चांदीच्या बांगड्या. यंदा गल्लीत पाच घरी जाऊन आल्या म्हणे. पेच फिरवून दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, त्यो सूनच फिरवती. आता बांगडी घालण्याच्या ओळीसमोर काय लिहायचं, जमतं की जमत नाही, ती जागा अजून मोकळीच ठेवलीय.